पूल क्यूसाठी सहा इंची एक्स्टेंशन: तीन महिन्यांच्या वापरानंतर

पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळताना नऊ फुटी टेबलावर पांढरा बॉल मध्यभागी अडकला की माझी 58 इंची क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, अपुरी पडते. एक पाय जमिनीवर टेकलेला असणे नियमाने बंधनकारक असल्याने फार ओणवेही होता येत नाही, आणि रेस्ट (क्यू टेकवायची आधारकाठी) वापरताना माझा नेम हमखास चुकतो. म्हणून मी आधी कोणत्याही क्यूवर मागून सरकवून बसणारे, लांबी कमी-जास्त करता येणारे एक्स्टेंशन (क्यू लांब करणारा जोड) घेतले, परंतु जोराचा फटका मारताना ते किंचित हलत असे आणि ती थरथर थेट मनगटाला जाणवत असे. नंतर घेतलेले, बुडाचा रबर काढून आट्यांवर फिरवून बसवायचे अॅल्युमिनियमचे एक्स्टेंशन मात्र क्यूचाच भाग असल्यासारखे घट्ट बसते.

खरेदीपूर्वी आपल्या क्यूचे आटे अवश्य तपासावेत, कारण ते कंपनीनुसार बदलतात. वजनाचाही विचार हवा: मागे भार वाढला की तोल मागे सरकतो, क्यूचे टोक हलके वाटू लागते. सहा इंचांत हा फरक मला दोन-चार दिवसांत अंगवळणी पडला. एका मित्राचे बारा इंची मात्र मला शेवटपर्यंत जड वाटले.