चॅप्लेन व्हायचंय? पैसे भरायच्या आधी माझी पावती वाचा

‘ख्रिस्ती समुपदेशन व हॉस्पिटल चॅप्लेन्सी डिप्लोमा. घरबसल्या. आंतरराष्ट्रीय मान्यता. शंभर टक्के प्लेसमेंट.’ अशी पोस्टरं आपल्या मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखी फिरत असतात. वर क्रूस, खाली उघडं पवित्र शास्त्र, मागे सूर्योदय आणि कोपऱ्यात गाऊन घातलेले हसरे विद्यार्थी. अशाच एका संस्थेत माझे ४८,००० रुपये गेले. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. आणि नाव कळून तुमचा फारसा फायदाही नाही. मी प्रवेश घेतला तेव्हाचं नाव आता राहिलेलंच नाही. माणूस तोच, फोन नंबर तोच, पाटी नवी.

मी नगर जिल्ह्यातली (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय नाही), मिशन हॉस्पिटलात स्टाफ नर्स. नाईट ड्यूटी आता गुडघ्यांना झेपेना, पण वॉर्ड सोडवतही नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटला झोप नसते, तो नुसत्या डोळ्यांनी बोलावत असतो, आणि आपल्याला बाकीच्यांची सलाईन बघायची असतात. अशा माणसाजवळ बसणं हेच ज्याचं काम, तो चॅप्लेन. पाळक आपल्या चर्चची मंडळी सांभाळतो, चॅप्लेन इस्पितळात, तुरुंगात, लष्करात असतो, आणि समोरचा माणूस आपल्या मंडळीतला असेलच असं नाही. आमच्या वॉर्डात माळकरी आजोबा असतात, मुस्लिम बाया असतात. त्यांच्याजवळ बसून काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, हे शिकावं लागतं. मला तेच शिकायचं होतं.

पोस्टरवरच्या नंबरला फोन केला तर स्वतः ‘डॉक्टर रेव्हरंड’ बोलले. मी फीचं विचारायच्या आधी त्यांनी फोनवरच प्रार्थना केली. माझं नाव घेऊन, हॉस्पिटलचं नाव घेऊन, अगदी माझ्या गुडघ्यांसाठीसुद्धा. ‘आमेन’ म्हटल्या म्हटल्या पैशाचं बोलणं निघालं की माणूस घासाघीस करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डिप्लोमाचे १८,०००. ‘प्रॅक्टिकम’चे म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे १२,०००. आणि शेवटी ‘चॅप्लेन लायसन्स, दीक्षा आणि पदवीदान समारंभ’ यांचे १८,०००. मान्यता कोणाची, असं विचारलं तर एका परदेशी नावाच्या संस्थेचं पत्र पाठवलं. अजून थोडं खोदलं तर म्हणाले, ‘‘सिस्टर, प्रभू दार उघडतो तेव्हा आपण कुलपाची चौकशी करत नाही.’’ वाक्य ऐकायला छान आहे, मला अजून पाठ आहे.

अभ्यासक्रम म्हणजे पीडीएफ फायली. एका फाईलच्या तळाशी दुसऱ्याच कुठल्या तरी बायबल कॉलेजचं नाव अर्धवट खोडलेलं दिसत होतं. परीक्षा गूगल फॉर्मवर, चार पर्यायांतून एक निवडायचा. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका ताईंचा फॉर्म नेट गेल्यामुळे अर्धाच सबमिट झाला, तरी त्यांना विशेष प्रावीण्य मिळालं. प्रॅक्टिकमचं काय, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘‘तुम्ही तर हॉस्पिटलमध्येच आहात, मेट्रनची सही-शिक्का आणा.’’ म्हणजे माझीच नोकरी मला १२,००० रुपयांना विकली.

इथपर्यंत प्रश्न पैशांचा होता. पण नैराश्यावरच्या धड्यात चक्क लिहिलं होतं की नैराश्य हे कबूल न केलेल्या पापामुळे येतं आणि गोळ्यांवर विसंबणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण. मी विषप्राशनाच्या केसेस पाहिलेल्या बाई आहे. ढेकणाचं औषध प्यायलेल्या पोरीच्या नाकात नळी घालताना तिची आई ‘आम्ही तिच्या गोळ्या बंद करून प्रार्थनेला नेत होतो’ असं सांगत रडते, ते मी ऐकलेलं आहे. झूमच्या तासाला मी विचारलं की मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचं, ते कुठल्या धड्यात आहे? माझा माईक बंद केला गेला. मग मेसेज आला, ‘दोष काढू नका, सिस्टर.’ तुमच्यापैकी कुणी असलं काही शिकून मंडळीत समुपदेशन करत असेल, तर निदान टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, १४४१६ हा सरकारी नंबर फोनमध्ये ठेवा. चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. आणि कुणाच्याही गोळ्या बंद करायला सांगू नका.

पदवीदान पुण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालं. गाऊनचं भाडं वेगळं, फोटोचे वेगळे. सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का होता आणि कौन्सेलिंगच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एस’च्या जागी ‘सी’. त्याच संध्याकाळी स्टेजवर काही जणांना ‘डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी’ देण्यात आली. त्यांतले एक गृहस्थ सकाळी नाश्त्याला माझ्यासमोर ब्रदर म्हणून बसले होते, संध्याकाळी डॉक्टर झाले.

नंतर एका मोठ्या मिशन हॉस्पिटलात चॅप्लेनच्या मदतनिसाची जागा निघाली. मुलाखतीला तिथले ज्येष्ठ चॅप्लेन होते. त्यांनी सर्टिफिकेटकडे नीट पाहिलंही नाही. शांतपणे तीन प्रश्न विचारले. सुपरव्हिजनखाली किती तास केलेत? सुपरवायझर कोण? एखादं व्हर्बेटिम आणलंय का? मला व्हर्बेटिम म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्यांनी ड्रॉवरमधून एक जुना कागद काढून दाखवला, पेशंटचं नाव-गाव काढून टाकलेला. पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणालो, मग तो काय म्हणाला, असं आठवून ओळीनं लिहिलेलं. समासात लाल शाईत सुपरवायझरचे शेरे. एका ठिकाणी पेशंट म्हणतो, ‘‘आता मुलाचं लग्न काही मी बघत नाही,’’ आणि शिकाऊ चॅप्लेन म्हणतो, ‘‘असं बोलू नका, प्रभू बरं करील.’’ समासात लाल अक्षरात: ‘तुम्ही कोणाची भीती घालवलीत? त्यांची की स्वतःची?’ माझ्या सगळ्या पीडीएफ मिळूनही त्या एका ओळीइतकं शिकवलेलं नव्हतं.

त्यांच्याकडूनच कळलं की या शिक्षणाला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन म्हणतात. अमेरिकेत अँटन बॉयसेन नावाच्या पाळकांनी १९२५ मध्ये वुस्टरच्या मनोरुग्णालयात विद्यार्थ्यांना पेशंटजवळ बसवून हे सुरू केलं. ते स्वतः पेशंट म्हणून मनोरुग्णालयात राहून आलेले होते. अमेरिकेत आज या प्रशिक्षणाचं एक युनिट ४०० तासांचं धरतात, आणि प्रमाणित हॉस्पिटल चॅप्लेन व्हायला साधारण चार युनिटं लागतात. शिवाय धर्मशास्त्राची मास्टर्स पातळीची पदवी आणि आपल्या चर्चचं शिफारसपत्र. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चॅप्लेन्सीचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे असं प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळतं. हे ऐकलं आणि ‘घरबसल्या’ हा शब्द आठवून माझे कान गरम झाले.

घरी येऊन नवऱ्याने आणि मी ते मान्यतेचं पत्र पुन्हा काढलं. मान्यता देणाऱ्या परदेशी संस्थेची वेबसाईट उघडली. तिच्यावर आमच्याच संस्थेचा फोन नंबर होता. स्वतःच परीक्षक, स्वतःच विद्यापीठ. माहितीपत्रकावर बाकी जे होतं, तेही एकेक करून पाहिलं. ‘भारत सरकार नोंदणीकृत’ म्हणजे लघुउद्योगांची उद्यम नोंदणी, जी पापडाच्या घरगुती धंद्यालाही मिळते. ‘आयएसओ ९००१’ हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, अभ्यासक्रमाशी त्याचा संबंध नाही. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्ट नोंदणी खरी होती, पण ट्रस्ट असणं म्हणजे पदवी द्यायचा अधिकार असणं नव्हे.

तो अधिकार यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे फक्त कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. हे मोडलं तर शिक्षा काय? कलम २४ प्रमाणे जास्तीत जास्त एक हजार रुपये दंड. माझ्या गाऊनचं भाडं त्याहून जास्त होतं! म्हणूनच ही मंडळी इतकी निर्धास्त असतात, आणि बरीचशी तर ‘पदवी’ हा शब्दच टाळून ‘डिप्लोमा’ लिहितात.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर चांगल्या संस्थांवर उगाच अन्याय व्हायचा. धर्मशास्त्राचं शिक्षण देणारी कितीतरी प्रामाणिक बायबल कॉलेजं यूजीसीच्या चौकटीत नाहीत, आणि ती तसं स्वच्छ सांगतात. त्यांतल्या पुष्कळांना एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असते. चर्चमध्ये तिला मान आहे, पण ती काही सरकारी पदवी नव्हे. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची गोष्ट निराळी. १८१८ साली निघालेलं ते कॉलेज, त्याला पदव्या द्यायचा अधिकार डेन्मार्कच्या राजाने १८२७ च्या सनदेने दिला, कारण सेरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होतं. पुढे १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने तो चालू राहिला. (कॉलेज काढणाऱ्यांपैकी विल्यम कॅरी म्हणजे १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे तेच.) पुण्यात बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी सेरामपूरशी संलग्न आहे. आमच्या पाळकसाहेबांची बीडी, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, सेरामपूरचीच. हे सगळं त्यांनी मला दहा मिनिटांत समजावलं, आणि वर बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सतराव्या अध्यायातले बेरियाचे लोक दाखवले. खुद्द पौल सांगतोय तरी ते रोज शास्त्र उघडून पडताळून पाहत, आणि शास्त्र त्यांना त्याबद्दल थोर मनाचे म्हणतं. कुलपाची चौकशी करणारेच की ते!

आता लायसन्स आणि दीक्षेचं, म्हणजे पाळक म्हणून अधिकृत नेमणुकीचं. कुरिअरने आलेलं दीक्षेचं सर्टिफिकेट कुठेही चालत नाही. लष्करात पाद्री म्हणून धर्मगुरूची भरती होते, तिथे पदवीधर असावं लागतं, योग्य चर्च अधिकाऱ्याकडून दीक्षा झालेली लागते आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत नाव लागतं. आमच्या तुकडीतल्या एका तरुणाने त्या भरतीच्या आशेवर पैसे भरले होते. दुसऱ्या एकाला अमेरिकेच्या ‘चॅप्लेन व्हिसा’साठी आणखी दीड लाख मागितले. तिथल्या धार्मिक सेवकांच्या आर-१ व्हिसासाठी अर्ज तिथली नोकरी देणारी संस्था करते, आणि उमेदवार त्या पंथाचा निदान दोन वर्षं सभासद असावा लागतो. इथल्या एजंटाने फी घेऊन मिळवून द्यायची ती चीज नाही. त्याने पैसे भरले नाहीत, निदान एक जण वाचला.

आता पावती. मी फी भरली, पण आलेल्या प्रत्येक पावतीवर छापलं होतं: ‘सेवाकार्यासाठी ऐच्छिक दान. परत मिळणार नाही.’ तेव्हा वाटलं, ट्रस्ट आहे, तशीच पद्धत असेल. पोलीस ठाण्यात हवालदारांनी ती पावती वाचली आणि विचारलं, ‘‘बाई, दान दिलं म्हणता आणि परत मागता?’’ सगळी मेख त्या एका ओळीत आहे. फसवणुकीचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८, लावायचं तर काहीतरी खोटं सांगून पैसे काढून घेतले हे दाखवावं लागतं. आणि दान तर आपण होऊन दिलेलं असतं. मला वाचवलं ते त्यांच्याच मेसेजनी: ‘आज फी भरली नाही तर सीट जाईल’, ‘प्लेसमेंट गॅरंटीड’. ते स्क्रीनशॉट आणि बँकेचं स्टेटमेंट जोडल्यावर अर्ज घेतला गेला. मग वकिलांची नोटीस गेली, तेव्हा प्रॅक्टिकमचे १२,००० परत आले, तेही ‘प्रेमाखातर’. बाकीचे अजून त्यांच्याकडेच आहेत. तुमचे पैसे नुकतेच गेले असतील तर ठाण्यात जायच्याही आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आली तर तेव्हाच. मी फार उशिरा केला. आणि चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात ग्रुप सोडू नका. माझ्या बरोबरच्या ताईंनी फोन बदलला आणि त्यांच्याकडे आज पावतीशिवाय काही नाही.

मंडळीत हे सांगितलं तेव्हा दोन-तीन जण म्हणाले, ‘‘जाऊ द्या, प्रभूच्या सेवकाविरुद्ध पोलिसांत कशाला?’’ त्यांना मी विचारलं, उद्या तुमच्या सुनेला डिप्रेशन आलं आणि या कोर्सवाला घरी आला तर चालेल का? नंतर कुणी काही बोललं नाही, पण संडे स्कूलच्या बायका अजून जरा लांबूनच सलाम करतात. करोत.

मी सध्या त्याच वॉर्डात आहे. ज्येष्ठ चॅप्लेनांच्या परवानगीने सुट्टीच्या दिवशी त्यांच्यामागून फिरते आणि लिहून आणते. ते लाल शाईने फाडतात. फी शून्य. वेल्लोरचा अर्ज भरायचाय, रजेचं जमलं की.

संस्थेच्या नव्या नावाचं पोस्टर गेल्याच आठवड्यात आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर आलं. नवी तुकडी, मर्यादित जागा. कोपऱ्यातल्या फोटोत डावीकडून दुसरी, चष्म्याची, गाऊनखालून निळे काठ दिसणारी बाई मी आहे. खाली लिहिलंय, ‘आमच्या यशस्वी चॅप्लेन’. फोटो काढायला दोनदा लेखी कळवलंय, काढलेला नाही. तो तुमच्या ग्रुपवर आला तर त्याच्याखाली हे सगळं खुशाल चिकटवा.