चष्मे धुण्याचे यंत्र आणि मिग-२१चे सुटे भाग

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरील एका चष्म्याच्या दुकानात फ्रेमचा स्क्रू बसेपर्यंत ताटकळत उभा होतो. दुकानदाराने माझा चष्मा पाण्याच्या लहानशा डब्यात सोडून बटण दाबले आणि नाकावरच्या पॅडांभोवती वर्षभर साठलेला मळ धुरासारखा पाण्यात उतरू लागला. सराफांकडेही असेच यंत्र असते. प्लास्टिकच्या प्रतिकृती जोडणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी जो विचार येतो तोच माझ्याही मनात आला, की आपले सुटे भागही यात धुता येतील, आणि त्याच आठवड्यात तपकीर गल्लीतून तसे अल्ट्रासोनिक यंत्र, म्हणजे ऐकू न येणाऱ्या वेगवान कंपनांनी मळ सोडवणारे यंत्र, अडीच हजार रुपयांच्या आत घरी आणले. टाकी साधारण ६०० मिलिलिटरची आहे, कंपनांची वारंवारता ४२ किलोहर्ट्झ असल्याचे खोक्यावर छापले आहे आणि एका वेळी यंत्र जास्तीत जास्त ४८० सेकंद चालते.

भाग धुवायचे कशाला, असा प्रश्न नवख्यांना नेहमी पडतो. वितळलेले पॉलिस्टायरीन, म्हणजे प्रतिकृतींचे प्लास्टिक, दाबाने साच्यात भरतात आणि भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून साच्याला मेणासारखा किंवा सिलिकॉनयुक्त पदार्थ लावलेला असू शकतो. त्याचा अंश भागावर राहिला, त्यात आपल्या बोटांचे तेल मिसळले, की रंग तेथे नीट धरत नाही. माझ्यासमोर १/७२ प्रमाणातील मिग-२१ होते. भारतीय वायुसेनेत १९६३ साली आलेल्या आणि सप्टेंबर २०२५मध्ये निवृत्त झालेल्या या विमानाला मी उघड्या धातूची चंदेरी छटा देणार होतो. अशी छटा चकचकीत काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, चढवतात आणि तिच्यात धुळीचा एक कणही डोळ्यांत खुपतो.

यंत्र खरोखर काम करते की नुसते गुणगुणते, हे पाहण्यासाठी स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी त्यात मिनिटभर उभी धरली. उजेडासमोर नेली तेव्हा मधल्या भागात सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसली, मात्र दोन्ही कडांजवळ पट्टी जवळपास कोरी होती. कंपनांमुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात व त्या धक्क्याने मळ सुटतो. हा धक्का टाकीच्या मध्यभागीच जोरदार आहे, असा त्याचा अर्थ. नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते, म्हणून ती निघून जाण्यासाठी पहिली फेरी मी भाग न घालता नुसत्या पाण्यावर चालवतो.

त्यानंतर तुलना केली. डावा पंख कोमट पाण्यात, भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकून, जुन्या मऊ टूथब्रशने घासला. उजवा यंत्रात ठेवला. शेपटीचा एक भाग मुद्दाम न धुता ठेवला. तिन्हींवर एकाच बैठकीत प्रायमर मारला आणि दुसऱ्या दिवशी मास्किंग टेप दाबून ओढली. शेपटीवरचा प्रायमर दोन ठिकाणी टेपबरोबर उठून आला, पंखांच्या बाबतीत मात्र डावे-उजवे करण्यासारखे काहीच सापडले नाही. स्प्रूच्या, म्हणजे सुटे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या, चौकटीवरील कोरे भाग धुण्यापुरते पाहिले, तर दहा रुपयांच्या ब्रशने अडीच हजारांच्या यंत्राशी बरोबरी केली. शिवाय स्प्रूची अख्खी चौकट या टाकीत मावतच नाही आणि धडाचे अर्धे भागही आडवे बसत नाहीत.

यंत्राचे मोल कळले ते पुढच्या टप्प्यावर. साच्याची शिवण कानशीने काढून, सांध्यांवर पुट्टी भरून, ४००पासून १००० क्रमांकापर्यंतचे वॉटर पेपर ओले करून घासले की जो पांढरट गाळ तयार होतो, तो पत्र्यांच्या जोडाच्या कोरीव रेषांत जाऊन बसतो. वाळला की त्या रेषा जवळजवळ बुजतात आणि ब्रशचे केस तेथवर पोहोचत नाहीत. पुन्हा टाकीत टाकलेल्या पंखाच्या रेषांतून तो गाळ धाग्याधाग्याने बाहेर येताना मी अक्षरशः पाहत बसलो. चाकांच्या आरींमधला आणि आसनाच्या कंगोऱ्यांतला भुसाही असाच निघाला. त्यामुळे आता पहिली धुलाई ब्रशने आणि घासकाम झाल्यानंतरची यंत्रात, असा माझा क्रम ठरला आहे.

तक्रारी आहेतच. सोबत आलेल्या प्लास्टिकच्या जाळीची भोके इतकी मोठी आहेत की चाकाच्या झडपेची बिजागरी त्यातून निसटली आणि मोरीच्या जाळीवर सापडली. आता लहान भाग पाण्याने भरलेल्या काचेच्या छोट्या पेल्यात घालून तो पेलाच टाकीत ठेवतो. कंपने काचेतून व्यवस्थित पोहोचतात. लागोपाठ तीन फेऱ्या केल्या की तळ गरम होतो. सुपरग्लूने चिकटवलेला अँटेना पहिल्याच फेरीत सुटला, पातळ सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाने, जोडलेल्या सांध्यांना मात्र काही झाले नाही. विक्रेत्याने ‘स्पिरिट टाका, अजून चमकेल’ असा सल्ला दिला होता, तो कोणीही मानू नये. ज्वलनशील द्रवाची वाफ आणि विजेचे यंत्र एकत्र आणणे म्हणजे आगीला आवतण आहे. ॲसिटोन तर पॉलिस्टायरीनच विरघळवते. कॉकपिटची पारदर्शक काच मी यंत्रात घातली नाही, घालणारही नाही.

पाण्याबद्दल सिंहगड रस्त्यावरच्या आमच्यासारख्या टँकर आणि बोअरवेलवर जगणाऱ्यांना वेगळी काळजी घ्यावी लागते. जड पाणी वाळले की काळ्या प्रायमरखाली क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटची विसळणी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने करतो. फडक्याने पुसणे टाळतो, कारण पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत कोरडे कापड फिरवले की प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि धुतलेला भाग खोलीतली धूळ स्वतःकडे ओढतो. भाग स्टीलच्या डब्यात, झाकण किंचित तिरके ठेवून, रात्रभर वाळत ठेवतो आणि सकाळी खालचा रस्ता झाडायला सुरुवात होण्याआधी प्रायमर मारून मोकळा होतो.