उतोरोची ड्रिफ्ट आइस वॉक: पैसे वसूल, माहिती मात्र अर्धवट (४/५)

फेब्रुवारीत जपानच्या होक्काइदो बेटावर जाणार असाल तर शिरेतोकोतल्या उतोरो गावात समुद्रावर वाहत आलेल्या बर्फावर (ड्रिफ्ट आइस) चालायला नक्की जा. कंपनीचं नाव घेत नाही, तिथे बरेच जण हेच करतात. ड्रायसूट घालताना गळ्याशी जीव घुसमटतो पण एकदा घातला की बिनधास्त पाण्यात पाठीवर तरंगा, आत थेंब येत नाही. त्यांचे हातमोजे मात्र बेकार, आपले न्या.

सगळ्यात भारी म्हणजे गाइडने बर्फाची एक लादी उलटी करून दाखवली, खालून चक्क तपकिरी! ते शेवाळं, बर्फाच्या पोटात वाढतं आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतं. इथवर मस्त. मग साहेब म्हणतात, हिवाळ्यात बर्फ म्हणजे समुद्रावरचं झाकण, हवेशी देणंघेणं बंद. अहो झाकण कसलं, जाळीदार आंबोळी आहे ती!

समुद्राचं पाणी साधारण -1.8 अंशाला गोठतं पण मीठ काही स्फटिकात मावत नाही, मग अतिखारट पाणी बारीक नळ्यांमध्ये अडकतं आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही त्याच्यातच, त्यातलं बरंचसं जड होऊन खाली समुद्रात उतरतं ते गॅस घेऊनच. कडक थंडीत नळ्या बंद पडतात, पण बर्फ -5 च्या आसपास आला की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि गॅस वर-खाली करायला लागतो. मी एक तुकडा उन्हासमोर धरला तर उभ्या केसासारख्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, चाखला तर समुद्रापेक्षा खूपच कमी खारट.

शिवाय त्या नळ्यांमध्ये इकाइट नावाचे कॅल्शियम कार्बोनेटचे कण बनतात, अंटार्क्टिकाच्या बर्फात ते सापडल्याचं 2008 मध्ये छापून आलं. बनताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, बर्फ वितळून विरघळले की परत ओढतात. म्हणजे हिवाळ्यात सुटलेला गॅस खारट पाण्यासोबत खोल गेला आणि कण वर बर्फातच राहिले, तर वसंतात वरचं पाणी हवेतून गॅस घेणार. याच किनाऱ्यावरच्या सारोमा सरोवरात होक्काइदो विद्यापीठाचे लोक बर्फावर पेट्या ठेवून हे मोजतात, तेवढं तरी सांगायचं की राव! एक स्टार त्याचाच कापला.

बाकी गाइड स्वभावाने गोड, फोटोही भरपूर काढून देतो. फक्त वारा फिरला की एका रात्रीत बर्फ किनारा सोडून जातो, तेव्हा उतोरोत दोन मुक्काम ठेवा आणि बुकिंग पहिल्याच दिवसाचं घ्या.