अ‍ॅम्बेसेडर मार्क २: मूळ १४८९ सीसी इंजिन बांधावं (खोलून नवं करावं) की जपानी इसुझूचं इंजिन बसवावं?

ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, तडकलेला नसेल तर मूळ इंजिनच बांधा. फुल इंजिन काम केलेली एक मार्क २ आणि १८१७ सीसी इसुझू बसवलेली दुसरी, दोन्ही पावसाळाभर आणि चोर्ला घाटात चालवल्यावरचं हे मत.

चर्चा होते ती बोअर (सिलिंडरचं भोक) आणि पिस्टनच्या रिंगांची, खरं दुखणं मात्र हेडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागात. हेड बिडाचं, व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट त्यातच कातलेल्या. २००० साली या सीटना जपणारं शिशाचं पेट्रोल बंद झालं आणि एक्झॉस्ट सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसू लागले. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट सामाईक, म्हणून तिथे ताप जास्त. गंमत म्हणजे यात टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हवरची बारीक फट) कमी होतो, आवाज थांबतो आणि मालक खूश होतो. मग चढावर गाडी दम सोडते, कारण व्हॉल्व्ह जळलेला असतो. नुसतं लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर पेस्टने घासणं) करून भागवू नका. चारही एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट (वेगळ्या बसवायच्या रिंगा) आणि व्हॉल्व्ह सरकतात ते नवे गाइड घाला.

पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरला देऊ नका. चाळीस थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) पुढे बोअर वाढवायचं झालं तर स्लीव्हच, म्हणजे आत नवी नळी. क्रँकच्या मेन बेअरिंगचे बोल्ट ७० फूट-पाउंडला आवळा, बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) ३५. क्रँकला मागे रबरी सील नाही, तेल परत फेकणारे आटे आहेत, थोडं गळणारच. क्लचपर्यंत तेल गेलं तर आधी ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) साफ करा. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम फुगतात, तेही बदला.

इसुझू हिंदुस्तान मोटर्सनेच नंतरच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये दिलं, म्हणून काम सोपं वाटतं. पण पाच गिअरचा बॉक्स आला की क्रॉस मेंबर, प्रॉपेलर शाफ्ट, सायलेन्सर, रेडिएटर सगळं हलतं. गोव्याच्या पत्रादेवी ते पोळे हायवेवर गाडी झकास पळते, थांबवायला मात्र चारही चाकांना जुने ड्रम ब्रेकच. डिस्क ब्रेकचा खर्च धरूनच हिशेब करा.

शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची मंजुरी हवी. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेजचा ‘व्हीए’ नंबर घ्यायचा असेल तर इंजिनात बदल चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. तो नंबर घेतल्यावर मात्र रोजच्या वापराला बंदी, म्हणजे शुक्रवारच्या म्हापसा बाजाराला दुसरी गाडी काढायची.