आर्मीवाला म्हणून प्लॅटरची ऑर्डर आली आणि माझे ३६,००० गेले

परवा सिन्नरच्या एका ताईंनी मला स्क्रीनशॉट पाठवला, "ताई अशी ऑर्डर आलीये, घेऊ का?" बघितलं तर शब्द न् शब्द मला आला होता तोच मेसेज, ४५ लोग, रिटायरमेंट पार्टी, देवळाली कॅम्प. माझ्या अंगावर काटाच आला. मी त्यांना लगेच फोन करून थांबवलं, पण तेव्हाच ठरवलं की हे आता सगळ्यांसाठी लिहायचं. इतके दिवस घरच्यांशिवाय कोणाला बोलले नव्हते, लाज वाटत होती.

मी नाशिकला घरून ग्रेझिंग प्लॅटर करते, म्हणजे चीज, फळं, सुकामेवा, क्रॅकर्स मांडलेले पार्टीचे मोठे ट्रे, तीन वर्षं झाली. बर्थडे, डोहाळजेवण, किटी, छोट्या पार्ट्या. एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याचे पदार्थ विकायचं सरकारी रजिस्ट्रेशन आहे, इन्स्टावर नंबर दिलेला आहे, तिथूनच ऑर्डरी येतात. फेब्रुवारीत एका रात्री व्हॉट्सॲपवर हिंदीत मेसेज आला, डीपीला युनिफॉर्ममधला फोटो. माझ्या प्लॅटरचे फोटो बघून त्याने विचारलं, ४५ लोकांचं काय होईल. मी पर हेड ४०० सांगितले, म्हणजे १८,०००. एक रुपया कमी करा म्हटला नाही. आपल्याकडे ५०० च्या प्लॅटरला पण लोक घासाघीस करतात, तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मला वाटलं चला, एक तरी माणूस आपल्या कामाची किंमत करतोय. ॲडव्हान्स मागितला तर म्हणे "मॅडम, आर्मी का पेमेंट डिलिव्हरी के दिन अकाउंट सेक्शन से होता है", आणि लगेच आयडी कार्ड आणि कँटीन कार्डचे फोटो. मी ते कार्ड झूम करून बघितलं आणि विश्वास ठेवला. माझे मामा फौजेत होते, घरात युनिफॉर्मला मान आहे, त्यामुळे शंका घेणं पण मला बरोबर वाटलं नाही. फोटो कोणाचाही चोरता येतो हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

सामान भरलं साधारण साडेनऊ हजाराचं. चेडर, गौडा, फेटा, ऑलिव्ह, बदाम-अक्रोड, क्रॅकर्स, पुरंदरचे अंजीर, स्ट्रॉबेरी, आणि द्राक्षं तर आपल्याकडे सीझनच होता, हिरवी आणि काळी दोन्ही. पहाटे पाचला उठले. ज्यांनी प्लॅटर केलंय त्यांना माहितीये यात गॅस कमी आणि हात जास्त लागतात. द्राक्षांचे कात्रीने छोटे छोटे घोस करायचे, सफरचंद चिरून लिंबाच्या पाण्यात टाकायचं नाहीतर काळं पडतं, क्रॅकर्स शेवटी लावायचे नाहीतर चीजजवळ मऊ होतात. आणि एकदा चीज कापलं, अंजीर चिरले की तो माल परत दुकानात जात नाही, त्याच दिवशी संपवावा लागतो. त्या माणसाला हे पक्कं माहीत होतं असं मला आता वाटतं, कारण सकाळपासून त्याने तीनदा विचारलं, "मॅडम कटिंग हो गया? फोटो भेजिए." मी हौसेने फोटो पाठवत होते.

साडेबाराला फोन. "जवान गाडी लेके निकल गया है, पेमेंट कर लेते हैं." एका हातात ग्लोव्ह, फोन साखरेच्या डब्याला टेकवून स्पीकरवर. म्हणाला आमच्याकडे आधी व्हेंडर व्हेरिफाय होतो, क्यूआर पाठवतो, १० रुपयाचा स्कॅन करा. केला, पिन टाकला, १० गेले आणि मिनिटभरात खरंच २० आले. बँकेचा मेसेज पण आला. इथे मी पूर्ण गाफील झाले. लगेच दुसरा क्यूआर, त्यात रक्कम आधीच भरलेली, १८,०००. स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं की पैसे द्यायचेत, नाव पण कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं होतं, मी विचारलंही, तर तो जोरात "मॅडम जल्दी, जवान गेट पे खडा है, लाइन कट जाएगी, बीस रुपये आए ना आपके?" मी पिन टाकला. १८,००० कट झाल्याचा मेसेज आला. तर म्हणे तुम्ही पिन उशिरा टाकला म्हणून अडकलं, आता सिस्टीममधून दोन्ही मिळून ३६,००० एकदम रिटर्न येतील, अजून एकदा करा. आणि मी केलं. पहिले गेलेले परत मिळवायच्या घाईत माणूस दुसऱ्यांदा करतो, बाहेरून बघणाऱ्याला हे समजणार नाही पण त्या वेळी डोकं खरंच चालत नाही हो.

तिसरा क्यूआर आला तेव्हा माझा पुतण्या ट्रे गाडीत ठेवायला आला होता, अकरावीत आहे. तो म्हणाला, "काकू, पैसे घ्यायला पिन कशाला टाकताय?"

बस. तिथेच पाय गळाले माझे.

पैसे येताना पिन लागत नाही, क्यूआर पण स्कॅन करावा लागत नाही. स्कॅन करून पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाणार, मग समोरचा कितीही म्हणू दे की आमची प्रोसेस वेगळी आहे. हे मला माहीत नव्हतं का, रोज भाजीवाल्याला तेच करते मी. पण तोंडाने हिंदी बोलायचं, हाताने चीज लावायचं आणि डोक्यात डिलिव्हरीची वेळ, यात माहीत असलेलं पण आठवत नाही.

नंतरची माझी चूक ऐका. अर्धा तास मी त्यालाच फोन लावत बसले. मग बँकेचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधायला लागले, ह्यांनी फोन काढून घेतला हातातून, म्हणाले तिथे पण खोटे नंबर असतात, आधी १९३० लाव. तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. त्यांनी खाते क्रमांक, दोन्ही व्यवहारांचे १२ आकडी रेफरन्स नंबर आणि वेळ विचारली, कम्प्लेंट नंबर दिला. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर पण तक्रार टाकता येते. संध्याकाळी सायबर पोलीस स्टेशनला स्टेटमेंट आणि सगळे स्क्रीनशॉट घेऊन गेलो. त्यांनी सांगितलं की पैसे पुढच्या खात्यात उडायच्या आत फोन आला तरच होल्ड करता येतात. माझे ६,२०० होल्ड झालेत, बाकी निघून गेले होते. तो अर्धा तास वाया घालवला नसता तर कदाचित जास्त थांबले असते, हे मला अजून लागतं.

आणि ते प्लॅटर. टेबलभर मांडलेलं, चीजला घाम सुटायला लागलेला. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एक शब्द न बोलता सोसायटीतल्या पोरांना हाका मारल्या आणि उरलेलं जवळच्या मुलींच्या हॉस्टेलला पाठवलं. मी आत बसून होते, बाहेर पोरं द्राक्षांवरून भांडत होती ते ऐकू येत होतं.

आता अर्धे पैसे आल्याशिवाय मी चीज आणायला जात नाही, ओळखीचे असोत नाहीतर कोणीही. मेसेजवर विश्वास नाही, बँकेच्या ॲपमध्ये बॅलन्स बघते. आणि काम करताना पैशाचा फोन घ्यायचा नाही, हात धुऊन, बसून, घरातलं कोणीतरी शेजारी असताना.

सिन्नरच्या ताईंना आला तो नंबर वेगळा होता पण कार्डाचा फोटो तोच. बेकर्स, टिफिनवाल्या, डेकोरेशनवाले, तुमच्यापैकी कोणाला असाच मेसेज आला असेल तर डिलीट करू नका, नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट मला पाठवा, पुढच्या आठवड्यात पोलीस स्टेशनला जाणार आहे तेव्हा माझ्या तक्रारीसोबत दाखवते.