ऐतिहासिक टॅरो डेक घेताय? आधी नंबरचे पत्ते बघा

ऐतिहासिक टॅरो डेक (भविष्य सांगायला वापरतात ते ७८ पत्ते) शोधायला बसलं की ढिगाने डेक समोर येतात आणि प्रत्येकावर व्हिंटेज, एन्शंट, ओरिजिनल असलं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच डेकमध्ये मागे पिवळट कागदाचा इफेक्ट टाकलेला असतो, कडा जळल्यासारख्या दाखवलेल्या असतात, बस्स, इतिहासाशी तेवढाच संबंध. मी जुन्या डेकच्या प्रतीच जास्त वापरते आणि मला विचाराल तर निवडायची पद्धत अगदी सोपी आहे. जाहिरातीत दिसणारे सुंदर सुंदर मेजर पत्ते (डेव्हिल, स्टार, सन अशा नावांचे चित्रांचे बावीस) बघूच नका, कारण ते सगळ्यांचेच छान दिसतात. तलवारींची सत्ती कशी आहे ते बघा, आणि हा डेक नेमका कुठल्या जुन्या डेकवरून केलाय, तो मूळ डेक कुठे ठेवलाय हे प्रकाशकाने सांगितलंय का ते बघा. ही दोन उत्तरं मिळत नसतील तर पुढे जा.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते. टॅरो इजिप्तमधून आलेला नाही. तो आला उत्तर इटलीतून, पंधराव्या शतकात, फ्लॉरेन्स, फेरारा, मिलान या भागातून, आणि १४४० नंतरच्या तिथल्या नोंदींमध्ये तो चक्क पत्त्यांचा खेळ म्हणून येतो, ज्यात आपण आज ज्यांना मेजर आर्काना म्हणतो ते हुकमाचे पत्ते होते. इजिप्तची कथा १७८१ मध्ये कूर द जेब्लँ नावाच्या फ्रेंच लेखकाने मांडली आणि पुढे एत्तेला नावाच्या फ्रेंच भविष्यवेत्त्याने खास भविष्य सांगण्यासाठीच म्हणून १७८९ च्या सुमारास स्वतःचा डेक काढला. त्यामुळे इजिप्शियन देवदेवता असलेला डेक घेतलात तर तोही इतिहासच आहे, पण अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या कल्पनेचा. हे मी उगाच सांगत नाहीये, खरेदीशी याचा थेट संबंध आहे. खेळाचे पत्ते होते म्हणून छप्पन मायनर पत्त्यांपैकी (कप, तलवारी, नाणी आणि वाँड्स म्हणजे काठ्या) नंबरच्या चाळीस पत्त्यांवर बहुतेक जुन्या डेकमध्ये चित्र नसतं, पाच कप म्हणजे नुसते पाच कप. रायडर-वेटवर (१९०९ चा, नंबरच्या पत्त्यांवरही चित्रं असलेला, आज सगळ्यांच्या ओळखीचा डेक) शिकलेल्या माणसाला हा डेक उघडल्यावर पहिला धक्का तिथेच बसतो आणि मग डेक कपाटात जाऊन पडतो, म्हणून म्हणते आधी नंबरचे पत्ते बघा.

आता एकेक डेक घेऊ.

व्हिस्कोंती-स्फोर्झा. साधारण १४५० च्या आसपास मिलानच्या दरबारासाठी हाताने रंगवलेला, सहसा बोनिफाचो बेम्बो या चित्रकाराच्या नावावर सांगितला जाणारा. ७८ पैकी ७४ पत्ते उरलेत, त्यातले ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या अकादेमिया कारारामध्ये आणि १३ तिथल्याच एका घराण्याकडे. डेव्हिल, टॉवर, तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा नाइट हे चार पत्ते नाहीत, म्हणजे तुम्ही कुठल्याही कंपनीची प्रत घ्या, हे चार पत्ते आजच्या चित्रकाराने काढलेले असणार. प्रती-प्रतींमधला सगळ्यात मोठा फरक इथेच आहे. काहींनी ते इतके संयमाने काढलेत की डेकमध्ये मिसळून जातात, आणि काही डेव्हिल असे आहेत की बाकीच्या दरबारी माणसांमध्ये तो कार्टूनमधून उठून आल्यासारखा वाटतो. विक्रेत्याकडे फोटो मागायचाच असेल तर डेव्हिल आणि टॉवरचा मागा.

या डेकवर माझं मनापासून प्रेम आहे. हर्मिटच्या (एकांतवासी संन्याशाच्या) हातात कंदील नाही, वाळूचं घड्याळ आहे, आणि ते कळल्यापासून तो पत्ता माझ्यासाठी एकांतापेक्षा काळाचा पत्ता झालाय. फूल, म्हणजे वेड्याचा पत्ता, हा पाठीवर गाठोडं टाकून निघालेला गोड तरुण नाही, केसात पिसं खोचलेला, फाटक्या कपड्यांतला माणूस आहे, बघवत नाही इतका खरा. पत्त्यांवर नावं नाहीत, नंबर नाहीत. वरच्या बाजूला मधोमध एक बारीक भोक दिसतं, कधीतरी कोणीतरी हे पत्ते भिंतीला ठोकून ठेवले असावेत, आणि चांगल्या प्रतीत ते भोकसुद्धा पुसलेलं नसतं. आणखी एक, नीट बघितलंत तर सहा पत्ते (स्ट्रेंग्थ, टेम्परन्स, स्टार, मून, सन आणि वर्ल्ड) दुसऱ्याच हाताने काढलेले आहेत, चेहरे वेगळे, अंगाची ठेवण वेगळी. प्रत चांगली छापलेली असेल तर हा फरक तुम्हाला कोणी न सांगताही जाणवतो, मी छपाईची परीक्षा याच्यावरूनच करते.

पण रोजच्या रीडिंगसाठी? नाही. मूळ पत्ते जवळजवळ १७ सेंटिमीटर उंच आणि पावणेनऊ सेंटिमीटर रुंद आहेत, त्या मापाची प्रत घेतली तर लहान हातांनी पिसताच येत नाही, टेबलावर मांडून बघायची वस्तू आहे ती. लहान मापाची घेतली तर पार्श्वभूमीवरची ठोकून काढलेली सोन्याची नक्षी मरते. साध्या छपाईत सोनं मोहरीच्या रंगाचं दिसतं, आणि सोनेरी फॉइलवाल्या आवृत्त्यांमध्ये उलटं होतं, दिव्याखाली पत्ता इतका चमकतो की चेहराच दिसत नाही. दोन्हीतलं एक निवडायचं तर मी मोहरीचं घेईन, निदान चित्र तरी दिसतं.

सोला बुस्का. हा १४९१ च्या सुमाराचा, पूर्ण ७८ पत्त्यांचा, आणि नंबरच्या पत्त्यांवरही चित्रं असलेला आपल्याला माहीत असलेला सगळ्यात जुना डेक. २००९ पासून तो मिलानच्या ब्रेरा म्युझियममध्ये आहे. १९०७ मध्ये याचे फोटो ब्रिटिश म्युझियममध्ये होते आणि रायडर-वेटची चित्रं काढणाऱ्या पामेला कोलमन स्मिथने ते पाहिले असणार असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते का मानतात हे बघायला तलवारींची तिर्री काढा, हृदयात घुसलेल्या तीन तलवारी, सरळ रायडर-वेट! किंवा तलवारींची दश्शी, त्यात एक माणूस वाकून दहा तलवारींची मोळी उचलतोय, आणि तीच पोज तुम्हाला रायडर-वेटच्या दहा वाँड्समध्ये सापडते. एवढं असूनही पहिला ऐतिहासिक डेक म्हणून मी हा कोणाला सुचवणार नाही, कारण मेजर पत्त्यांवर ओळखीचं जवळजवळ काहीच नाही, नीरो, नबुखद्नेस्सर अशी जुनी रोमन आणि बायबलमधली नावं आहेत, लव्हर्स नाही, हर्मिट नाही, आणि एकूण वातावरण फार कठोर आहे. दुसरा किंवा तिसरा डेक म्हणून जरूर घ्या.

आणि आता मार्सेय, जिथे मी तुम्हाला खरं तर न्यायचा प्रयत्न करतेय. मार्सेय (फ्रान्समधल्या शहराच्या नावाने ओळखला जाणारा) हा एक डेक नाही, एक घराणं आहे, लाकडी ठशांवरून छापायचे आणि स्टेन्सिलने रंग भरायचे. पॅरिसच्या जाँ नोब्लेचा १६५० च्या आसपासचा, लिऑनच्या जाँ दोदालचा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि सगळ्यात जास्त प्रती निघाल्या तो निकोला कन्व्हेरचा, ज्यावर १७६० हे साल आहे. नोब्लेचे पत्ते लहान, रेषा रांगड्या, फार जिवंत डेक आहे, फक्त त्याच्या तलवारींचे सहा ते दहा हे पाच पत्ते हरवलेत, ते आजच्या प्रतींमध्ये नव्याने काढलेले असतात. दोदालच्या काही पत्त्यांवर परदेशी विक्रीसाठी बनवल्याची खूण आहे, म्हणजे त्या काळातला एक्सपोर्टचा माल, मला ही गोष्ट भारी आवडते.

पहिला ऐतिहासिक डेक घेणाऱ्याने कन्व्हेरवर आधारलेला घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. चित्रं शांत आहेत, सगळं जागच्या जागी आहे, आणि जी जुनी पुस्तकं, जे क्लासेस मार्सेय शिकवतात त्यातलं बरंचसं याच चित्रांना धरून असतं. योआव बेन-दोव यांचा सीबीडी डेक याच वळणाचा आहे, रेषा स्वच्छ केल्यात, रंग डोळ्यांना टोचत नाहीत, आणि तरीही चेहऱ्यांना आजचा गोडवा आणलेला नाही. ग्रिमो या फ्रेंच प्रकाशकाचा १९३० चा डेक अजूनही खूप जण वापरतात, त्यातले निळे-लाल-पिवळे फारच सपाट आणि भडक वाटतात मला, पण कित्येक पिढ्या त्यावर शिकल्यात हेही खरं. होदोरोव्स्की आणि कामवाँ यांचा १९९७ चा डेक दिसायला जबरदस्त आहे, बारकावे तर इतके की बघत राहावं, पण ती पुनर्रचना आहे, अनेक डेक समोर ठेवून स्वतःच्या विचाराने जुळवलेली. कुठल्याही एका जुन्या डेकची प्रत म्हणून तो घेऊ नका, त्यांचा स्वतःचा डेक म्हणून घ्या, मग तक्रार राहत नाही.

मार्सेय म्हणून विकला जाणारा डेक खरंच जुन्या वळणाचा आहे का हे फोटोवरून ओळखायचं असेल तर एम्पररचा नंबर बघा, चारसाठी चार उभ्या रेघा हव्यात, आणि हर्मिटच्या नऊला पाचच्या पुढे चार रेघा. आजच्या पद्धतीचे रोमन आकडे असतील तर कोणीतरी नव्याने काढलाय. मग जस्टिस आठ आणि स्ट्रेंग्थ अकरा आहे का बघा, उलट असेल तर ती रायडर-वेटची सवय आत शिरलीय. आणि नाण्यांची दुर्री बघा, दोन नाण्यांभोवती फिरणारी फीत असते आणि पत्ते बनवणारा बहुतेक वेळा तिथेच आपलं नाव घालायचा. चांगल्या प्रतीत ते नाव शाबूत असतं.

नंबरच्या पत्त्यांची भीती घालवायला तलवारी घ्या. कमानीसारख्या वाकलेल्या तलवारी एकमेकींत गुंतून मधे एक जागा तयार करतात. सम आकडा असेल तर (दश्शी सोडून) त्या जागेत फूल, विषम असेल तर सरळ उभी तलवार. चव्वीत फूल आणि पंजीत त्याच फुलाच्या जागी पातं, एवढे दोन पत्ते शेजारी ठेवून बघा, चित्रातलं माणूस-घर-डोंगर काही नसताना काय वाटतं ते बघा. मला तिथून पुढे पाठ केलेले अर्थ लागलेच नाहीत.

हे सगळं नको, ओळखीची चित्रंच हवीत, तर १९०९ च्या रायडर-वेट-स्मिथच्या जुन्या छपाईवरून काढलेली आवृत्ती घ्या, तिलाही आता शंभर वर्षं होऊन गेली. बाजारात जो चकचकीत पिवळ्याधमक आकाशाचा दिसतो त्यापेक्षा २००९ मध्ये पामेला स्मिथच्या स्मरणार्थ आलेला डेक कितीतरी मवाळ रंगांचा आहे आणि रेषा त्यात जास्त खुलतात.

कागदाबद्दल थोडं. जाड कागद म्हणजे चांगला कागद असं नाही, ७८ जाड पत्ते हातात मावत नाहीत. गुळगुळीत ग्लॉसी कोटिंग जुन्या चित्रांना शोभत नाही आणि पत्ते हातातून घसरतात, मॅट किंवा किंचित खरखरीत बघा. किंमत संशय येण्याइतकी कमी, पुस्तिकेऐवजी नुसता क्यूआर कोड आणि रेषा पुसट, असं असेल तर ती बहुधा नक्कल आहे. ज्यांनी म्युझियममधल्या पत्त्यांवर वर्षानुवर्षं बसून एकेक रेघ परत आणली त्यांचं काम त्यात चोरलेलं असतं, म्हणून स्वस्त पडलं तरी घेऊ नका.

सोबत येणारी छोटी पांढरी पुस्तिका मात्र जपून वाचा. बऱ्याच ऐतिहासिक डेकच्या पुस्तिकेत रायडर-वेटचेच अर्थ छापलेले असतात, आणि मग पाच कपांच्या पत्त्यावर सांडलेले कप नसतानाही तुम्ही दुःख शोधत बसता. पुस्तिकेत मूळ डेकची माहिती किती आहे ते बघा, कुठले पत्ते नव्याने काढलेत हे प्रामाणिकपणे लिहिलंय का ते बघा, आणि अर्थांची पानं सुरुवातीला काही दिवस उघडूच नका.