रेस धरून ठेवणारी गाडी: आधी डोंगल की आधी धूर?

सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये, पाय पेडलवर नाही, तरी आरपीएमचा काटा 1500 वर. थंड इंजिनाला तेवढं माफ. गरम झाल्यावर काटा 750-800 च्या आसपास यायला हवा. ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही आणि मॅट पेडलमध्ये अडकलेली नाही, एवढं तुम्ही पाहिलं असेलच. पुढे दोन वाटा उरतात: ओबीडी डोंगल (गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये खोचायचं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर आकडे वाचायचे, नाहीतर गॅरेजमध्ये इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या मार्गात, धूर सोडून हवेची गळती शोधायची. मी दोन्ही केलं, याच क्रमानं.

डोंगल वाईट नाही. कूलंट टेम्परेचर सेन्सर बिघडला असेल तर पाच मिनिटांत कळतं. रेडिएटरचा पाईप हाताला चटका देतोय आणि ॲपवर मात्र 30 अंश, असं दिसलं की समजावं, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) इंजिन अजून थंडच वाटतंय आणि म्हणून तो रेस चढवून ठेवतोय. असा दोष धुरानं सापडायचा नाही.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. तापमान 90, बिघाडाचा कोड एकही नाही, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो तो आकडा) पाच टक्क्यांच्या आत. सगळं आलबेल, फक्त काटा 1500 वर! तीन रविवार बॉनेट उघडं टाकून मी त्या आकड्यांकडे बघत बसलो. थ्रॉटल बॉडी (हवेची झडप असते तो भाग) धुतली, आयडल व्हॉल्व्ह साफ केला, शेवटी अंदाजानं थ्रॉटल पोझिशन सेन्सरही बदलला. फरक शून्य.

कारण नंतर उमगलं. आत येणारी हवा थेट मोजणारा एमएएफ सेन्सर असेल तर गळतीतून घुसलेली हवा हिशोबाबाहेर राहते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि ट्रिम वर चढतो. माझ्या गाडीत एमएपी सेन्सर आहे. तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो. चोरवाटेनं आलेली हवाही त्या दाबात धरली जाते, ईसीयू इमानदारीत तेवढं पेट्रोल देतो आणि रेस वाढते. आकडे खोटं बोलत नव्हते. मी विचारत होतो ते त्यांना माहीतच नव्हतं.

धुराला दहा मिनिटं लागली. इंजिन बंद, इनटेकचं तोंड बुजवलेलं, अगदी कमी दाबानं धूर आत सोडला. पीसीव्हीच्या (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) रबरी पाईपच्या वळणावर, खालच्या बाजूनं, बारीक रेघ वर आली. वरून बघून ती चीर मला जन्मात दिसली नसती. पाईप बदलला, काटा 800 वर.

कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारेही आहेत. तापलेल्या इंजिनावर पेट घेणारा द्रव मारायची माझी तरी छाती नाही.

अडचण एकच, धुराचं मशीन प्रत्येक गल्लीतल्या गॅरेजात नसतं. तुमच्या गाडीत एमएएफ असेल तर कदाचित डोंगलवरच भागेल. एमएपी असेल तर मी तापमान तेवढं बघून घेईन आणि सरळ धुराकडे जाईन. जाण्याआधी फोन करून 'फक्त स्मोक टेस्टचे किती?' एवढं विचारून घ्या, नाहीतर थ्रॉटल बॉडी पुन्हा एकदा धुऊन मिळेल.